खाडीमुखावरील दूधमाशाचे बीज : संकलनाच्या पद्धती व त्यांची शिकवण

नदी जेथे समुद्रास मिळते तेथे गोडे व खारे पाणी एकमेकांत मिसळते. या निमखाऱ्या पाण्यात अन्न विपुल असते आणि पाणी उथळ असल्याने मोठ्या भक्षक माशांचा उपद्रवही कमी असतो. म्हणूनच समुद्रातील कित्येक मासे आपले बालपण खाडीत काढतात. खाडीतील मासेमारी म्हटली की डोळ्यांसमोर येतात ती पाग, डोल, रापण ही जाळी आणि त्यांत सापडणारे बोय, जिताडा, कोळंबी यांसारखे खाण्याजोगे जलचर. परंतु आशियाच्या दक्षिण व आग्नेय किनाऱ्यांवर एक निराळीच मासेमारी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तीत पकडावयाचा मासा जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीचा व काचेसारखा पारदर्शक असतो आणि तो जिवंतच हाती यावा लागतो. हा मासा म्हणजे दूधमाशाचे पिल्लू होय.

पकडलेले पिल्लू तळ्यात सोडून, सहा-आठ महिने वाढवून मग बाजारात आणावयाचे असते. त्यामुळे या मासेमारीचे यश जाळ्यात किती पिल्ले आली यावर ठरत नाही. तळ्यापर्यंत त्यांपैकी किती जिवंत पोचली आणि ती पकडताना खाडीतील इतर जिवांचे किती नुकसान झाले, या दोन गोष्टींवर ते ठरते. फिलिपीन्स, इंडोनेशिया आणि आपल्या तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

माशाची ओळख व जीवनक्रम

दूधमाशाचे शास्त्रीय नाव चानोस चानोस असे आहे. तामिळमध्ये त्यास पालमीन, मलयाळममध्ये पूमीन, फिलिपीन्समध्ये बांगूस आणि इंडोनेशियात बांदेंग म्हणतात. रुपेरी अंग, खोल दुभंगलेली शेपटी आणि दात नसलेले लहान तोंड ही त्याची लक्षणे होत. तो मुख्यत्वे शेवाळ व तळावरील सूक्ष्म वनस्पतींवर जगतो. दुसऱ्या माशांना तो खात नाही आणि गोड्या पाण्यापासून समुद्राहूनही अधिक खाऱ्या पाण्यापर्यंत कोठेही तग धरू शकतो. या गुणांमुळेच तळ्यातील मत्स्यशेतीसाठी तो उत्तम ठरला.

पूर्ण वाढलेला दूधमासा एक मीटर वा त्याहून अधिक लांबीचा होतो. मादी किनाऱ्यापासून काही अंतरावरील समुद्राच्या स्वच्छ पाण्यात एका हंगामात लक्षावधी अंडी सोडते. अंडी पाण्यात तरंगतात व सुमारे एका दिवसात फुटतात. बाहेर पडलेली अळी दोन ते तीन आठवडे समुद्रात राहते आणि मग भरतीबरोबर किनाऱ्याकडे येते. या वेळी तिची लांबी दहा ते सतरा मिलिमीटर असते. शरीर इतके पारदर्शक असते की पाण्यात दिसतात ते केवळ दोन काळे डोळे. पुढील काही महिने ही पिल्ले खाड्या, खारकच्छ आणि कांदळवनांतील उथळ पाण्यात वाढतात व मोठी झाल्यावर पुन्हा समुद्रात जातात. समुद्रातून खाडीत शिरण्याचा हा अल्प काळच बीज गोळा करणाऱ्यांच्या उपयोगाचा असतो.

ऋतू, तिथी व वेळ

फिलिपीन्समध्ये बीजाचा हंगाम साधारणतः मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो व त्यातील मुख्य बहर उन्हाळ्याच्या महिन्यांत येतो. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मार्च ते जून हा मुख्य काळ होय. परंतु हंगामाच्या प्रत्येक दिवशी सारखे बीज मिळत नाही. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पिल्ले मोठ्या संख्येने किनाऱ्यास लागतात. भांगाच्या भरतीत ती विरळ होतात. उधाणाच्या तिथी किनाऱ्यावरील प्रत्येक मच्छीमारास ठाऊक असतात. त्यामुळे या व्यवसायास पंचांगाखेरीज निराळ्या वेळापत्रकाची गरज कधी भासली नाही.

जागेचीही निवड करावी लागते. वाळूचा सौम्य उताराचा किनारा, जवळ असलेले नदीचे वा ओढ्याचे मुख आणि फार खळबळ नसलेले पाणी अशा ठिकाणी बीज अधिक सापडते. फिलिपीन्समधील पनाय बेटाचा पश्चिम किनारा, विशेषतः आंतीके प्रांतातील हामतिक, अशा बीजासाठी प्रसिद्ध आहे. याच बेटावर इलोइलोजवळ तिग्बाउआन येथे १९७३ साली आग्नेय आशियाई मत्स्यव्यवसाय विकास केंद्राचा मत्स्यशेती विभाग स्थापन झाला.

बीज पकडण्याची साधने

बीज पकडण्याची साधने साधी असून त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार ढकलजाळ्याचा. बांबूच्या दोन काठ्या कात्रीप्रमाणे वा त्रिकोणात बांधून त्यांमध्ये अतिशय बारीक विणीचे कापड ताणतात. पूर्वी यासाठी वनस्पतीच्या धाग्यांचे कापड वापरीत, पुढे नायलॉनची जाळी आली. एक व्यक्ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हे जाळे किनाऱ्याला समांतर ढकलीत नेते. जाळ्याच्या मागील टोकास पिल्ले जमा होतात व तेथून ती भांड्याने उचलली जातात. एकट्याने चालविता येणारे व अल्प खर्चाचे हे साधन असल्याने अत्यंत गरीब कुटुंबांनाही ते परवडते.

दुसरा प्रकार ओढजाळ्याचा. दोन व्यक्ती बारीक विणीच्या लांबट जाळ्याची दोन टोके धरून उथळ पाण्यातून चालतात आणि अखेरीस जाळे अर्धवर्तुळात किनाऱ्याकडे आणतात. आपल्याकडील रापणीचेच हे अगदी लहान रूप म्हणता येईल. मात्र जाळे कोरड्या वाळूवर ओढून आणणे येथे सर्वस्वी वर्ज्य असते. जाळ्याची झोळी पाण्यातच राहिली पाहिजे, अन्यथा नाजूक पिल्ले एकमेकांखाली चिरडून मरतात.

तिसरा प्रकार स्थिर जाळ्याचा. नदीच्या मुखाशी बांबू व जाळी यांचे दोन लांब पंख समुद्राकडे उघडतील असे रोवतात. जेथे हे पंख जवळ येतात तेथे बारीक जाळीची पेटी असते. भरतीचे पाणी आत शिरू लागले की त्याबरोबर येणारी पिल्ले पंखांच्या आधाराने पेटीत उतरतात आणि माणूस तेथेच उभा राहून ती उचलीत राहतो. या साधनात श्रम कमी व मिळकत अधिक असते, परंतु खाडीमुखाचा मोठा भाग त्याने अडविला जातो.

चौथा प्रकार इंडोनेशियातील जावा व मादुरा येथील आहे. तेथे दोरीला गवताच्या, झावळ्यांच्या वा केळीच्या पानांच्या पट्ट्या बांधून ती पाण्यावर तरंगत ठेवतात. या साधनास ब्लाबार म्हणतात. तरंगत्या वस्तूच्या सावलीकडे पिल्ले ओढली जातात. मग दोरीचे वर्तुळ हळूहळू लहान करीत त्यांना एकत्र आणावयाचे व त्रिकोणी हातजाळ्याने उचलावयाचे. पाणी ढवळल्याशिवाय व जाळे ओढल्याशिवाय बीज मिळविण्याची ही रीत निरीक्षणातून सिद्ध झालेली आहे.

ओहोटीनंतरची डबकी

तामिळनाडूतील मंडपम, पांबन या परिसरात आणखी एक रीत आढळते. उधाणाचे पाणी किनाऱ्यावरील सखल जागांत शिरते व ओहोटीबरोबर परत जाते, पण वाळूच्या दांड्यांआड त्यातील काही पाणी अडकून राहते. या डबक्यांत दूधमाशाची असंख्य पिल्ले सापडतात. उन्हाने पाणी आटत जाते, तापते व अधिकाधिक खारट होते. पुढील उधाण वेळेवर न पोचल्यास त्यातील जीव मरून जातात. अशा डबक्यांतून बारीक कापडी जाळ्याने बीज गोळा करणे फारसे अवघड नसते.

या रीतीचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. समुद्रातून खाडीत निघालेल्या पिल्लांना वाटेत अडविणे आणि आटत चाललेल्या डबक्यात अडकलेल्या पिल्लांना उचलून तळ्यात नेणे, या दोहोंत मोठा भेद आहे. पहिल्या प्रकारात निसर्गाच्या साठ्यातून काही काढून घेतले जाते, तर दुसऱ्या प्रकारात बहुधा नष्ट होणारे बीज उपयोगात आणले जाते. बीज संकलनाची आखणी करताना प्रथम अशी डबकी व नंतर वाहते खाडीमुख असा क्रम ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

निवड, मोजणी व वाहतूक

जाळ्यातील पिल्ले हाताने उचलीत नाहीत. पांढऱ्या रंगाचे भांडे पाण्यात बुडवून, पाण्यासकट ती वर घेतात. पांढऱ्या पृष्ठभागावर काळे डोळे स्पष्ट दिसतात हे त्याचे कारण. जाळ्यात कोळंबीची पिल्ले, बोय व इतर माशांच्या अळ्या आणि फितीसारख्या चपट्या भक्षक माशांच्या अळ्याही येतात. या भक्षकांपैकी थोडे जरी तळ्यात गेले तरी पुढे ते दूधमाशाचा फडशा पाडतात. म्हणून निवड काळजीपूर्वक करावी लागते. भांड्यात ठेवल्यावर दूधमाशाची पिल्ले कडेकडेने एकाच दिशेने पोहत राहतात. या सवयीमुळे सरावलेल्या डोळ्यास ती वेगळी काढणे सोपे जाते.

मोजणीही पारंपरिक असते. लहान भांड्याने पिल्ले मोजून दुसऱ्या भांड्यात सोडतात आणि शेकडा पुरा झाला की एक खडा वा शिंपला बाजूला ठेवतात. विक्रीचा हिशेब या खड्यांवरच चालतो. त्यामुळे मोजणी करणाऱ्याच्या प्रामाणिकपणास येथे तराजूइतके महत्त्व आहे.

साठवण सावलीत करतात. समुद्राच्या पाण्यात थोडे गोडे पाणी मिसळून त्याचा खारटपणा कमी केल्यास पिल्ले अधिक काळ टिकतात असा अनुभव आहे. पाणी रोज बदलावे लागते. उकडलेल्या अंड्याचा बलक वा गव्हाचे पीठ अगदी थोड्या प्रमाणात खाद्य म्हणून देतात. जास्त खाद्य घातल्यास पाणी नासते. पूर्वी वाहतुकीसाठी मातीची मडकी वापरीत, पुढे प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या प्रचारात आल्या. वाहतूक पहाटे वा सायंकाळी करणे, पिशव्यांवर ऊन पडू न देणे आणि तळ्यात सोडण्यापूर्वी पिशवीतील पाण्यात तळ्याचे पाणी हळूहळू मिसळणे ही पथ्ये पाळल्यास नुकसान पुष्कळ टळते.

जाळ्यातील इतर जीव

या व्यवसायाची काळी बाजू किनाऱ्यावर सहज दिसून येते. बारीक जाळे दूधमाशालाच वेचून घेत नाही. त्यात येणारे इतर असंख्य जीव निवड झाल्यावर वाळूवर टाकून देण्याची सवय अनेक ठिकाणी पडली होती. बंगालमधील सुंदरबनात वाघकोळंबीचे बीज गोळा करतानाही हेच घडले. तेथे स्त्रिया व मुले तासन् तास पाण्यात उभी राहून बारीक जाळी ओढीत. हवे ते मोजके बीज ठेवून उरलेले काठावर टाकले जाई. टाकून दिलेल्या त्या ओल्या ढिगात उद्याचे बोय, उद्याचा जिताडा आणि उद्याची कोळंबी असते. म्हणजे ज्या मच्छीमारास आज बीजाचे पैसे मिळतात, त्याच्याच जाळ्यात काही महिन्यांनी येणारी मासळी त्याच क्षणी नष्ट होत असते.

उपाय अवघड नाही व त्यास खर्चही नाही. निवड पाण्यातच, किनाऱ्यालगत बसून करावी आणि उरलेले जीव भांडे कलते करून लगेच खाडीत सोडावेत. खाडीमुख पूर्णपणे जाळ्यांनी अडवू नये व काही भाग नेहमी मोकळा ठेवावा. अंडी घालणारे मोठे दूधमासे पकडण्यास फिलिपीन्सने १९९८ च्या मत्स्यव्यवसाय संहितेत प्रतिबंध केला, त्यामागेही हाच विचार आहे.

दुसरी हानी याहून मोठी आहे. विसाव्या शतकात फिलिपीन्समधील निम्म्याहून अधिक कांदळवने नाहीशी झाली आणि मत्स्यतळी बांधणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. ज्या कांदळवनांत माशांची पिल्ले वाढतात तीच तोडून, त्या जागी पिल्ले वाढविण्यासाठी तळी खोदण्यात आली.

बीजावर हक्क कोणाचा ?

फिलिपीन्समध्ये बीजाची क्षेत्रे दीर्घकाळ नगरपालिकांच्या लिलावात दिली जात. सर्वाधिक बोली करणाऱ्यास मक्ता मिळे. प्रत्यक्ष पाण्यात उतरून बीज गोळा करणाऱ्यांना ते त्याच मक्तेदारास, तो देईल त्या दराने विकावे लागे. नगरपालिकेस उत्पन्न मिळे, मक्तेदारास नफा मिळे आणि श्रम करणाऱ्याच्या वाट्यास सर्वांत कमी येई.

१९९१ च्या स्थानिक शासन संहितेने या व्यवस्थेत महत्त्वाचा बदल केला. मासेमारीचे हक्क देण्याचा अधिकार नगरपालिकांकडेच राहिला, परंतु सीमांत मच्छीमारांच्या नोंदणीकृत संघटना व सहकारी संस्था यांना त्यात अग्रहक्क देण्यात आला. दूधमाशाचे व कोळंबीचे बीज पकडण्याची मुभा सीमांत मच्छीमारांना कोणतेही भाडे वा शुल्क न घेता द्यावी अशीही तरतूद करण्यात आली. स्थानिक संस्थेचे उत्पन्न आणि गरिबाची उपजीविका यांपैकी कशास प्राधान्य द्यावे, याचे उत्तर या तरतुदीत आहे.

बीजोत्पादन केंद्रांचा काळ

निसर्गातील बीजावर किती काळ अवलंबून राहता येईल हा प्रश्न १९७० नंतरच्या दशकात तीव्र झाला. १९८० साली फिलिपीन्समधील इगांग येथे तरंगत्या पिंजऱ्यात वाढविलेल्या दूधमाशांनी आपोआप अंडी घातली. पुढे तैवानमध्ये आणि बाली बेटावरील गोंडोल परिसरात बीजोत्पादनाची केंद्रे उभी राहिली. बालीमध्ये तर घराशेजारील लहान टाक्यांतूनही हा व्यवसाय फोफावला. आपल्या देशात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यशेती संशोधन संस्थेने २०१५ साली बंदिस्त अवस्थेत दूधमाशाचे प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे तळ्यासाठी बीज हवे म्हणून खाडीमुखाकडेच धाव घेण्याची निकड आता राहिलेली नाही.

अर्थात खाडीतील बीज गोळा करून जगणाऱ्या कुटुंबांना केवळ बंदी घालून प्रश्न सुटत नाही. त्यांच्या हातातील कौशल्य, म्हणजे नाजूक पिल्ले ओळखणे, मोजणे व जिवंत ठेवणे, बीजसंगोपनाच्या कामी येते. बीजोत्पादन केंद्रातून आणलेले लहान बीज बोटुकलीच्या आकारापर्यंत वाढवून विकण्याचे काम अशा कुटुंबांच्या सहकारी संस्थांकडे दिल्यास त्यांची मिळकत टिकेल आणि खाडीवरील भारही हलका होईल.

कोकणच्या खाजणांसाठी बोध

कोकणात खारबंदिस्तीची परंपरा जुनी आहे. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने व पुढे महाराष्ट्राच्या १९७९ च्या खार जमीन विकास कायद्याने या बांधांना शासकीय आधार मिळाला. बांधातील उघाडीमधून पाणी आत-बाहेर होते आणि त्याबरोबर मासेही ये-जा करतात. गोव्याच्या खाजणांत या दारास मानस म्हणतात व तेथील मासेमारीचा हक्क लिलावाने देण्याची प्रथा आहे.

दूधमाशाच्या तळ्यातील काढणीची रीत या उघाडीशी मिळतीजुळती आहे. हा मासा येणाऱ्या पाण्याच्या विरुद्ध दिशेने पोहतो. म्हणून ओहोटीस तळ्यातील पाणी कमी करावयाचे आणि भरतीस दार उघडून ताजे पाणी आत घ्यावयाचे. मासे त्या प्रवाहाकडे धाव घेतात व दाराजवळील लहान कप्प्यात गोळा होतात. मग कप्पा बंद केला की चिखल न ढवळता स्वच्छ मासे हाती येतात.

परंतु गोव्यातील अनुभवाने एक इशाराही दिला आहे. मासळीच्या लोभाने मानशीची दारे नको तेव्हा उघडी ठेवल्यास खारे पाणी भातशेतीत शिरते व जमीन नापीक होते. उघाडीवर मासे कोणी पकडावेत याबरोबरच ती केव्हा उघडावी व केव्हा बंद करावी, हे शेतकरी आणि मच्छीमार या दोघांनी एकत्र बसून ठरविणे आवश्यक आहे.

या कामी ग्रामपंचायतींना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसायाचा समावेश आहे. गावच्या खाडीत कोणत्या महिन्यात कोणत्या माशाची पिल्ले येतात, कोणती डबकी ओहोटीनंतर आटतात, कोणत्या जागी बारीक जाळी लागतात याची नोंद ठेवणे ही पहिली पायरी होय. शाळेतील विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली ही नोंद उत्तम प्रकारे करता येईल. पांढऱ्या ताटलीत खाडीचे ओंजळभर पाणी घेऊन त्यातील काळे डोळे मोजणे हा विज्ञानाचा जिवंत पाठ ठरेल. पाठ संपताच ते पाणी खाडीत परत सोडले, म्हणजे तो पूर्ण झाला. तळी करावयाची झाल्यास कांदळवनास हात न लावता पडीक खार जमिनीची निवड करणे आणि २००५ च्या किनारी मत्स्यशेती प्राधिकरण कायद्यानुसार नोंदणी करून घेणे ही दुसरी पायरी. उघाडी व बीजक्षेत्र यांचे हक्क देताना स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा प्रथम विचार करणे ही तिसरी.

दूधमाशाचे पिल्लू दीड सेंटिमीटरचे असते. समुद्रापासून तळ्यापर्यंतच्या त्याच्या वाटेवर जाळे ओढणारा, मोजणारा, मक्ता देणारा आणि दार उघडणारा असे अनेक हात लागतात. त्यांपैकी प्रत्येकाने आपले काम जपून केले तर तळेही भरेल आणि खाडीही ओसाड होणार नाही.